सास्तूरच्या चिलमा आणि माझे खोटे पान

लोहारा-सास्तूरच्या बाजूला मुद्दाम कोणी जात नाही. तुळजापूरला आलेली माणसे देवीचे दर्शन घेऊन परत फिरतात, नळदुर्गला आलेली किल्ला पाहून. त्यापुढे जी काळी, सपाट, ज्वारीने भरलेली जमीन पसरली आहे तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे मला पुण्यात निघण्यापूर्वी चौघांनी विचारले. मी म्हणालो, "चिलमा." चौघेही हसले, कारण मी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.

पण या सत्तरीत मी गेलो तो चिलमांसाठीच, आणि त्याचे कारण आधी सांगून टाकतो.

बत्तीस वर्षांपूर्वी मी निजाम सरकारच्या उस्मानाबादेत (आमच्या घरात अजून धाराशिवच म्हणतात) एका कचेरीत मुन्शी होतो. हैदराबादेत हुन्नरांची नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरायची होती आणि जिल्ह्यातल्या कारागिरांची माहिती देणारे एक उर्दू पुस्तक आमच्या साहेबांना छापायचे होते. मला सास्तूरला पाठवले. तिथे फकीरसाब नावाचा कारागीर काळ्या, आरशासारख्या चकचकीत चिलमा करत असे. सोलापूरपासून गुलबर्ग्यापर्यंतचे शौकीन त्या मागवत. मी त्याच्या अंगणात, सोवळ्या माणसासारखा आपल्या सतरंजीवर बसून, पाणीही न पिता प्रश्न विचारले. कसब कोणाकडून शिकलात? तो म्हणाला, "हमारे उस्ताद लोहारे में रहते हैं. बहुत सख्त थे."

मी "थे" ऐकले आणि पुरुष समजलो. लोहाऱ्यासारख्या गावात असा उस्ताद कुठला, तर बिदरहून आला असणार, हे मीच ठरवले. प्रत्येक चिलमीवर एक बारीक कोर उमटवलेली होती. ती बिदरच्या उस्तादाची चंद्रकोर, हेही मीच ठरवले. पान फार सुरेख उतरले. साहेबांनी ते मोठ्याने वाचून घेतले आणि माझी पाठ थोपटली.

पुस्तक आल्यावर फकीरसाब सास्तूरहून चालत कचेरीत आला. कोणाकडून तरी त्याने पान वाचून घेतले होते. हात जोडून म्हणाला, "मुन्शीजी, उस्ताद बिदरचे न्हाईत. लोहाऱ्याच्या हायत. बाई हायत, कुंभारीण." मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." पुढची आवृत्ती निघणार नव्हती, हे मला ठाऊक होते. तो समाधानाने परत गेला. वर्षभरात वारल्याचे कानावर आले.

त्या बाईचे नाव मी विचारलेसुद्धा नव्हते. या मार्गशीर्षात निघालो ते तेवढ्यासाठी. तिचे नाव शोधायचे, पान नव्याने खरे लिहायचे आणि ते तिच्या आणि फकीरसाबच्या घरच्या माणसांना वाचून दाखवायचे. मग ती काय म्हणतील ते ऐकून घ्यायचे.

नाका

सोलापूरहून सर्व्हिस मोटारीने निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून आता मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात. मागे बंबासारखी एक भट्टी असते आणि चढ आला की ड्रायव्हर खाली उतरून तिला वारा घालतो. एका चढावर त्याने नम्रपणे सगळ्यांना उतरवले आणि ढकलायला लावले. वयामुळे मला माफी मिळाली, पण आत एकट्याने बसायची लाज वाटून मीही उतरलो आणि मोटारीला नुसता हात लावून चाललो. माझ्यासारखाच हात लावून एक लठ्ठ आडते चालले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखले आणि काही बोललो नाही.

हद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. इंग्रजी मुलखातून निजामाच्या मुलखात येणाऱ्या मालाची तिथे झडती होते. माझ्या ट्रंकेत धोतरांच्या घडीत गुंडाळलेली फकीरसाबची चिलीम निघाली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने ती मला भेट दिली होती.

अंमलदाराने विचारले, "तंबाखू किधर है?"

"मी ओढत नाही."

"फिर चिलम कायकू?"

"बत्तीस वर्षांपूर्वी जिथे केली तिथे दाखवायला नेतोय."

त्याने चिलीम हुंगली. कोरी होती, नुसत्या मातीचा वास. त्याने माझे सामान पुन्हा उलटेपालटे केले, टोपीतही पाहिले. शेवटी शेजारच्या शिपायाला म्हणाला, "बुढ़ा बत्तीस साल से खाली चिलम संभाल रहा है. जाने दो, ऐसे माल पर महसूल नहीं लिखा." मोटारीतली सगळी मंडळी पुढच्या थांब्यापर्यंत हसत होती, मीसुद्धा.

लोहारा

मोटारीने सडकेवर सोडले तिथून लोहाऱ्याला बैलगाडी केली. गाडीवान तुळशीराम, चाळिशीचा, सतत बोलणारा. त्याने वाटेत चिलीम भरली, कमरेच्या चंचीतून ओल्या फडक्याचा तुकडा काढून तिच्या खालच्या टोकाला गुंडाळला आणि दम मारला. त्या फडक्याला छापी म्हणतात. समोरून येणाऱ्या गाडीवानाने हात पुढे करताच तुळशीरामाने आपली छापी काढून घेतली, त्या माणसाने स्वतःची लावली आणि दोन झुरके घेऊन चिलीम परत केली. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या, हे त्यांच्या रामरामावरूनच कळत होते. पुण्यात लोक विडी ज्याची त्याची ओढतात आणि बोलतात मात्र एकोप्यावर. इथे चिलीम सगळ्यांची आणि फडके ज्याचे त्याचे. ही सोय मला आवडली.

"चिलीम सास्तूरची का?" मी विचारले.

"न्हाय जी. सास्तूरच्या आता तडकत्यात. लोक म्हनत्यात, तेरणाकाठची मातीच बिघडली."

लोहाऱ्यात चिलमा करणाऱ्या कुंभारणीचे घर कोणते, हे म्हाताऱ्या माणसांना लगेच आठवले. नाव मात्र एकालाही सांगता येईना. "ती चिलमीवाली म्हातारी," एवढेच. घराच्या अंगणात संक्रांतीची सुगडी वाळत होती आणि साठीच्या आसपासची एक बाई त्यांना गेरू लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोन पायजे बाबा?"

"चिलमा करणाऱ्या बाईंचे घर हेच का?"

"म्या त्यांची सून, शेवंता. सासूबाईला जाऊन लई सालं झाली. चिलीम पायजे तर सास्तूरला जावा. तितं बिदरचे बादशा बसल्यात."

मी बिदरचे बादशा म्हणजे काय, असे विचारले. विचारायला नको होते, पण विचारल्यावाचून ऐकायला मिळाले नसते.

शेवंताबाईंनी सांगितले ते असे. सासू तरुणपणीच विधवा झाली. कुंभाराच्या चाकाला बाईने हात लावायचा नाही, असा त्यांच्यात नियम. मग तिने चाक न लागणारी वस्तू शोधली. तेल लावलेल्या निमुळत्या काठीभोवती माती थापायची, काठी ओढून घ्यायची, झाली चिलीम. तिची चिलीम इतकी चांगली निघू लागली की सास्तूरहून फकीरसाब शिकायला आला. घरचा माग बंद पडलेला विणकर. तीन वर्षे माती तुडवली तेव्हा कुठे तिने त्याला काठीला हात लावू दिला.

"मग त्यांनी सास्तूरला धंदा घातला. दर दसऱ्याला यायचे. पैल्या भट्टीची पैली चिलीम कपड्यात गुंडाळून आनायचे, म्हातारीच्या फुडं ठिवायचे आन् म्हनायचे, 'उस्ताद, देखो.' म्हातारी वाजवून बघायची, हुंगायची, आन् दरसाल त्येच म्हनायची, 'खालचं भोक जरा मोठं झालंय.' येवढं ऐकून मानूस खूश!"

"मग?"

"मग फकीरसाब गेले. त्यांच्या पोरानं, दस्तगीरनं, चिलीम आनायची बंद केली. कुनीतरी शान्यानं बुकात छापलं की उस्ताद बिदरचा. बिदरचा! आमची म्हातारी लोहाऱ्याची शीव वलांडून गेली आसंल ती निस्ती सास्तूरपत्तर, ते बी माती आनाया. तीन दसरे दारात बसली... काय नाव तुमचं?"

"मुन्शी म्हणायचे मला सगळे."

"तीन दसरे, मुन्शीजी. नवं लुगडं नेसून. म्या म्हनायची, आत्याबाई, आता न्हाय येत कुनी. तर म्हनायची, तू गप, त्येचं भोक बघायचंय मला."

ती हसून सांगत होती. मला हसू आले नाही.

"शेवंताबाई," मी म्हणालो, "तो शहाणा मीच."

तिचा गेरूचा हात सुगड्यावरच थांबला. तिने मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिले. मी तयारीत होतो.

"जेवलाव का?"

"नाही."

"मग आदी जेवा. उपाशी मानसाला शिव्या द्याव्या वाटत न्हाईत."

येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि ओंजळभर तेल. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा दळून ठेवलेला कूट. तो उकळत्या पाण्यात टाकला की जी आमटी होते, तिच्यापुढे आमची पुण्याची गोड आमटी आजाऱ्याला द्यायच्या लायकीची. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेवंताबाई म्हणाल्या, "रडू नगा, अजून म्या सुरू बी क्येलं न्हाय."

जेवता जेवता मी फकीरसाब कचेरीत आला होता तेही सांगून टाकले. मग त्यांनी सुरू केले. सुपारी कातरत, शांतपणे, एकेक. बाईला बुवा केलेत, लोहाऱ्याचे बिदर केलेत, जित्या माणसाला विचारायला गावात आला नाहीत, आणि आलेल्या माणसाला थाप मारून वाटेला लावलेत. एकही शिवी अनाठायी नव्हती. शेवटी मी त्यांच्या सासूचे नाव विचारले.

"न्हाय सांगत."

"मला खरे पान लिहायचे आहे."

"मग त्यो येऊ दे. दस्तगीर. परवा येळवसीचा सण हाय, माज्या शेतात ये म्हनावं, आन् सोताच्या तोंडानं इचार म्हनावं, उस्तादचं नाव काय. सांगीन. न्हाय आला, तर लिवा तुमी 'एक बाई'. बुकाला काय, काय बी चालतं."

सास्तूर

दुसऱ्या दिवशी तुळशीरामाच्याच गाडीने सास्तूरला गेलो. दस्तगीरसाबचा कारखाना म्हणजे घरापुढचे एक लांब छप्पर. एका बाजूला भिजवलेली माती, मधे फळ्यांवर वाळत घातलेल्या शंभरेक चिलमा, टोकाला भट्टी. भट्टी पेटल्यावर वर भुसा आणि शेण टाकून तोंडे बंद करतात. आत कोंडलेल्या धुराने चिलमा काळ्या होतात. त्याआधी नदीच्या गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणलेली असते. घासण्याचे काम घरातल्या बायका करतात. दस्तगीरसाबची बीबी, जैनबी, ओसरीवर गोटा घेऊन बसलीच होती.

दस्तगीरसाब पन्नाशी ओलांडलेला, मेंदीने रंगवलेली दाढी, अतिशय आदबशीर माणूस. मी चिलमांची माहिती घ्यायला पुण्याहून आलोय म्हटल्यावर त्याने चहा मागवला. या वेळी मी चहा घेतला आणि पाणीही मागून घेतले. मग तो उठला आणि भिंतीवरची काचेची तसबीर दोन्ही हातांनी काढून माझ्यासमोर ठेवली. आत माझे पान होते.

"उर्दू येतं ना तुमाला? वाचा. आमच्या घरात कुनाला वाचता येत न्हाय, पर मला तोंडपाठ हाय. गावात पावना आला की पैल्यांदा ह्येच."

शेजारचे दोन-तीन जणही ऐकायला येऊन बसले. काय करतो? मी वाचू लागलो. बिदरच्या जुन्या कारखान्यांतला एक थोर उस्ताद दैवयोगाने या भागात आला, असे मीच लिहिले होते. प्रत्येक वाक्याला दस्तगीरसाब डोळे मिटून मान हलवी आणि पुढचे वाक्य माझ्याआधी पुटपुटे. चंद्रकोरीपाशी आल्यावर त्याने एक पितळी ठसा उंच धरून सगळ्यांना दाखवला. हे पान पहिल्यांदा वाचून घेतल्यावर त्याने तो सोलापूरहून मुद्दाम करवून आणला होता. हाताने कोर काढणे त्याला अशा उस्तादाला न शोभणारे वाटले.

तिथे माझा आवाज थांबला.

"फुडं?" दस्तगीरसाब म्हणाला.

"पुढचे खोटे आहे."

"आन् मागचं?"

"मागचेही."

ओसरीवरून जैनबीचा गोटा घासायचा आवाज बंद झाला. मी सगळे सांगितले. फकीरसाब कचेरीत आला होता, मी त्याला काय सांगून वाटेला लावले, सगळे. शेजारी हळूहळू उठून गेले. दस्तगीरसाबने तसबीर उचलून छातीशी धरली.

"अब्बा कचेरीत आलते?"

"चालत."

खांद्यावरच्या रुमालाने त्याने तसबिरीची काच पुसली. मग म्हणाला, "मुन्शीजी, तुमी एकटे खोटे न्हाईत. मला ठावं व्हतं. बारका व्हतो तवा अब्बा मला घिऊन लोहाऱ्याला जायचे. त्या म्हातारीच्या मांडीवर बसून गूळ खाल्लाय म्या. ही शेवंताआक्का कडंवर घिऊन हिंडवायची मला. पर छापलेलं व्हतं ना! सरकारी बुकात छापलेलं खोटं कसं म्हनावं? म्या सोताला म्हनलं, तुलाच नीट याद न्हाय."

"आन् बिदरचा उस्ताद बरा बी वाटला," जैनबी ओसरीवरून म्हणाली. "लगीन झालं तवापासून ऐकते. कुंभारीण म्हनाया जीभ जड व्हती ह्यांची."

"तू गप बस."

"तीस सालं गपच हाय. अब्बाच्या वक्ताला चिलमा तडकत नव्हत्या, मी कवाची बोलते. माती बिघडली म्हनत चार गावची माती आनली. माती काय करंल बिचारी?"

मी ट्रंकेतून फकीरसाबची चिलीम काढून दिली. दस्तगीरसाबने ती खिडकीशी नेली. कोरीवर अंगठा फिरवला, मग अंगठ्याचे नख त्या कोरीत टेकवून पाहिले. त्याच्या तोंडावरचा रंग बदलला.

"जैनबी, अब्बा घासायच्या आदी काय करायचे?"

"नख लावायचे. हरेक चिलमीला. मला वाटायचं, सवय आसंल."

सवय नव्हती. आम्ही तिघांनी ते त्या दिवशी फळीवरच्या चिलमांवर करून पाहिले. माती ओली असेल तर नखाच्या दोन्ही बाजूंना बारीक कड उचलून येते. फार वाळली असेल तर भुकटी सांडते. आणि अगदी बरोबर वाळली असेल तर कड नाही, भुकटी नाही, नुसती स्वच्छ कोर उठते. तेव्हाच घासायचे आणि तेव्हाच भट्टीत घालायची. ती कोर कोणाची निशाणी नव्हती. लोहाऱ्याच्या बाईने मातीला विचारलेला प्रश्न होता तो. त्या कोरीची मी चंद्रकोर केली, यांनी तिचा पितळी ठसा केला. ठसा तर मऊ मातीवरच चांगला उमटतो, म्हणून चिलीम काठीवरून उतरताच मारून टाकत. त्यानंतर माती वाळली की नाही हे विचारणारे कोणी उरले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भट्टी लावायची होती. दस्तगीरसाब एकेक चिलमीला नख लावत गेला. पहिल्या फळीवर कड उचलली, दुसऱ्या फळीवरही.

"आज भट्टी न्हाय," तो म्हणाला. "दोन दिवस न्हाय."

"मग उद्या मोकळेच आहात," मी म्हणालो, आणि शेवंताबाईंचा निरोप सांगितला.

तो एकदम अडखळला. उद्या त्याला उमरग्याला जायचे होते, मग गुडघा दुखत होता, मग म्हणाला, बोलावले नसताना शेतात कसे जायचे. जैनबीने एका वाक्यात निकाल लावला. "येळवसीला वाटसरूला बी बोलवत्यात. मी चालले मुन्शीजीसंगं. तुमी या न्हायतर बिदरला जावा."

येळवस

येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, या भागात गावे ओस पडतात. घरांना कड्या लावून सगळी माणसे आपापल्या शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची एक खोपी उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग दिवसभर जेवतात. वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून बसवतात. धर्म विचारत नाहीत, ओळखही विचारत नाहीत. तुळशीरामाची गाडी लोहाऱ्याच्या शिवारात शिरल्यापासून आम्हाला चार शेतांतून हाका आल्या आणि दोन ठिकाणी तर बैलच धरून उभे केले. पुण्यात दिवाळीच्या दिवशी मला शेजाऱ्याने अशी हाक मारलेली आठवत नाही. प्रत्येक ठिकाणी आंबील पिणे भाग होते. ज्वारीचे पीठ ताकात शिजवून आदल्या दिवसापासून मुरवलेले असते. पाचव्या वाटीनंतर मी गाडीत आडवा झालो.

दस्तगीरसाब आला होता. गाडीत न बसता मागून चालत होता. गुडघ्याचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

शेवंताबाईंचे शेत एवढेसे. खोपीपाशी त्यांचा मुलगा, सून आणि बायाबापड्या जमलेल्या. जैनबी सरळ आत जाऊन चुलीपाशी बसली आणि बाजरीच्या पिठाचे उंडे वळू लागली, जणू दरसाल येत होती. मीही गेलो. दस्तगीरसाब मात्र बांधावर थांबला. शेवंताबाईंनी त्याला पाहिले आणि पातेल्यातली भज्जी ढवळत राहिल्या. भज्जी म्हणजे हरभरा, वाल, मेथी, वांगी, शेतात मिळेल ते सगळे एकत्र शिजवलेले.

"कोन आलंय ते?" त्या मला म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"दस्तगीरसाब, सास्तूरचे."

"बिदरचे म्हना. हात हालवत आल्यात का चिलीम आनलीया?"

बांधावरून दस्तगीरसाब बोलला. आवाज अगदी बारीक होता. "भट्टी लावली न्हाय, आक्का. माल वला व्हता. नख लावून बघितलं, कड उचलत व्हती."

शेवंताबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिले.

"कुनी शिकवलं?"

"अब्बा करायचे ते आठवलं." मग तो बांध उतरून दोन पावले पुढे आला आणि उभा राहिला. "आक्का, उस्तादचं नाव काय व्हतं?"

शेवंताबाईंनी पदराने हात पुसले.

"राही," त्या म्हणाल्या. "राहीबाई. गावात कुनी नावानं हाक मारत नव्हतं. कुनी म्हातारी म्हनायचं, कुनी चिलमीवाली. आमी आत्याबाई म्हनायचो. तुजा बाप एकला उस्ताद म्हनायचा. त्यासाटी दारात बसायची ती, चिलमीसाटी न्हाय."

दस्तगीरसाबने टोपी काढून पुन्हा घातली. त्याला काय करावे ते कळत नव्हते. मी कागद आणि टाक काढला, कारण मलाही कळत नव्हते. टोपलीच्या झाकणावर कागद ठेवून तिथेच लिहिले, या वेळी मराठीत, म्हणजे शेवंताबाईंच्या मुलाला वाचता येईल. सास्तूरच्या काळ्या चिलमांच्या उस्ताद लोहाऱ्याच्या राहीबाई कुंभार. त्यांनी चाकाशिवाय चिलीम केली आणि ती फकीरसाब विणकरांना शिकवली. चिलमीवरची कोर ही चंद्रकोर नव्हे. माती वाळली की नाही हे पाहण्याची ती राहीबाईंच्या नखाची रीत आहे. पूर्वी या संबंधात जे छापले गेले ते चूक होते आणि ती चूक माझी होती. खाली सही केली.

मोठ्याने वाचून दाखवले. शेवंताबाई म्हणाल्या, "फकीरसाबांचं नाव आजून येक डाव घाला. चालत कचेरीत गेलते, ते लिवा." लिहिले. मग त्याची दुसरी प्रत काढली, एक लोहाऱ्याला, एक सास्तूरला.

"जुनं पान फाडू का, आक्का?" दस्तगीरसाबने विचारले.

"फाडू नगं. नव्याच्या मागं ऱ्हाऊ दे. काच घट बसंल."

जैनबी खळखळून हसली आणि मग सगळेच हसले. जेवणे झाली. किती खाल्ले ते लिहीत नाही, पुण्यातले डॉक्टर हे वाचतील. ऊन उतरल्यावर आवराआवर सुरू झाली. दस्तगीरसाब पाहुण्यासारखा सतरंजीवर बसून होता. शेवंताबाई उरलेल्या आंबिलीच्या घागरीपाशी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"दस्त्या," त्या म्हणाल्या, "बसला काय नुसता? उस्तादच्या घरचं काम हाय. उचल ती घागर."

पन्नाशी ओलांडलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा दस्तगीरसाब ताडकन उठला. मी हात द्यायला पुढे झालो, तर त्याने मला कोपराने बाजूला सारले. टोपीवर खांद्यावरच्या रुमालाची चुंबळ ठेवून घागर डोक्यावर घेतली, एक थेंब न सांडता, आणि शेवंताबाईंच्या मागून लोहाऱ्याच्या वाटेला लागला.